तिसरा नंबर

अर्ध्या वॉर्डांची मोजणी अजून राहिली होती
आणि मागच्या सीटवर तीन भाषणं तयार होती,
पिवळ्या फोल्डरमध्ये, टाचण्या लावून:
जिंकलो तर,
हरलो तर,
आणि तिसरं, सगळ्यांत जाड,
ज्यात हरण्यालाच जिंकणं म्हणतात.

मी एमेट लाप्लांट. एरवी शाळेची बस चालवतो.
नोव्हेंबरपासून ऑर्डवेबाईंची गाडी,
न्यू हॅम्पशरच्या या गावांतून,
जिथे दर चार वर्षांनी हिवाळ्यात
अख्खा देश आमच्या स्वयंपाकघरात डोकावतो
आणि मतदान उरकलं की
भांडी न विसळता निघून जातो.

रेडिओवरचा माणूस सांगत होता:
पहिला आलेला खरं तर पडला,
कारण तो चाळीस टक्के घेईल असं आम्हीच म्हटलं होतं
आणि त्याने घेतले चौतीस.
दुसरा होता तिथेच आहे.
पण ऑर्डवे, एकोणीस टक्के!
वारं आता त्यांच्या बाजूने फिरलंय.
मी काचेबाहेर पाहिलं.
वारं वायव्येकडून होतं, उणे अकरा,
आणि त्यांच्याच पाट्या आडव्या पाडत होतं.

शितावरून भाताची परीक्षा, मान्य.
पण आधण तरी आलं होतं का
हे कुणी झाकण काढून बघत नाही.

मागे फोन वाजत राहिला.
टेक्सासमधला कुणी पैसेवाला,
सकाळी ज्याने यांचा फोन उचलला नव्हता.
बाई म्हणाल्या, हो, हो, अपेक्षेपेक्षा जास्त.
मग आरशातून माझ्याकडे बघत:
"कोणाच्या अपेक्षेपेक्षा, एमेट?"
मी म्हटलं, पुढे रस्ता निसरडा आहे.

डायनरपाशी थांबलो.
रोझलिन गॅनन टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवत होती.
म्हणाली, मी तुम्हालाच दिलं मत.
तीन महिन्यांत पहिल्यांदा
बाईंनी उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारला:
"का?"
रोझलिनने फडकं पिळलं, परत पिळलं.
"त्या दिवशी सूप गार होतं,
आणि तुम्ही गार आहे म्हणालात.
बाकीचे सगळे वा वा करून गेले."

आता हे कुठल्या रकान्यात बसवणार?
भिंतीवरच्या टीव्हीत आमची काउंटी तोवर जांभळी झाली होती
आणि कुणी पोरगा तिच्यावर बोट फिरवून सांगत होता
की कष्टकरी बायका व्यापारधोरणावर नाराज आहेत.
रोझलिनने आवाज बंद केला.
त्याचं तोंड चालूच राहिलं.

हॉलमध्ये बाईंनी तिसरं भाषण केलं. फुगे सुटले.
मी मागे, कोट टांगतात तिथे.
एक ओळ त्यांनी गाळली. मला पाठ होती, गाडीत ऐकून ऐकून:
आज तुम्ही देशाला संदेश दिलात.
तिथे नुसत्या थांबल्या, घोटभर पाणी प्यायल्या.
लोकांना वाटलं, भरून आलं.
उद्या त्याचाही अर्थ लावतील.

पहाटे विमान. दक्षिणेत म्हणे झाडांना फुलं आहेत,
आणि दुसरा ड्रायव्हर.
बाईंनी हातमोजा काढून हात दिला.

मग आठवडाभर, बस जागेवर लावून झाली की,
मी पाट्या उपटत फिरलो. एकशे बारा.
जमीन दगड झालेली,
तारा वाकतात पण सुटत नाहीत.
दुसऱ्या वॉर्डाच्या शाळेपुढे जरा रेंगाळलो.
तिथेच त्या मंगळवारी, पडद्यामागे,
पेन हातात धरून मी बराच वेळ उभा होतो
आणि मत दिलं ते पहिल्या आलेल्याला.
जे चौतीस कमी पडले म्हणतात
त्यांत एक मी.
बाईंना बोललो नाही. त्यांनी विचारलंही नाही.
का दिलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

एक पाटी काही केल्या निघेना.
तशीच ठेवली.
बर्फ वितळला की बघू.